काय पोचलं ते सांग

आधीच सांगून टाकते, मला कुणाचे आभार मानायला आवडत नाही. माझी आजी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आणि संध्याकाळी मजुरी हातात पडली की वर मालकालाच हात जोडायची. घाम तिचा, आणि आभारही तिनंच मानायचे. हे कळायला लागल्यापासून माझी मान ताठ झाली ती झालीच. आमच्या संघटनेच्या सभांमध्ये शेवटी आभारप्रदर्शन सुरू झालं की मी सतरंजी गुंडाळायला लागते, मग तिच्यावर कुणी बसलेलं का असेना.

अशा मुलीनं नोकरीच्या मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल लिहिला, आणि त्या ईमेलपायी दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून निर्मल गावची बस पकडली. आठवलं की आजही बसल्या जागी उभं राहावंसं वाटतं. याला कारण माझी तेलंगणातल्या आदिलाबादची घरमालकीण.

मावशी म्हटलेलं त्यांना चालत नसे. खोली बघायला गेले त्याच दिवशी म्हणाल्या, "मी तुह्या मायची बहीन नाई. बाई म्हन." मग बाईच. गल्ली मात्र पाठीमागे त्यांना रसीदबाई म्हणायची. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर त्यांची बरीचशी नोकरी झाली. लोकांनी आणलेली दरखास्त घ्यायची, नोंदवायची, आणि त्यांच्या हातातल्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून परत द्यायची, कागद पोचला म्हणून. नोकरीतून बाई निवृत्त झाल्या. पोच देण्यातून झाल्या नाहीत.

दूधवाल्यानं भांड्यात दूध ओतलं की त्या भांडं हलवून बघायच्या आणि त्याच्या तोंडावर सांगायच्या, "दूध पोचलं. पानी बी पोचलं." भाजीवालीला, "मेथी पोचली. माती लय आली, तुह्या वावराची आठवन म्हनून ठेवते." वीज जाऊन परत आली की लाइनमनला फोन. तो तेलुगू माणूस आधी घाबरायचा, कारण लाइनमनला फोन फक्त शिव्या द्यायला करतात. बाई त्याला तेलुगूत एवढंच सांगायच्या की लाईट आली, पंखा फिरतो आहे, आणि फोन ठेवायच्या. पुढे पुढे तोच फोन करून विचारायला लागला, अम्मा, आली का. आमच्या गल्लीत वीज लवकर येते म्हणून शेजारची गल्ली आमच्यावर जळते. जळू द्या.

एकदा सरकारी दवाखान्यात त्या रांग लावून डॉक्टरसमोर गेल्या. काय होतंय, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, काई नाई, मागच्या टायमाची तुमची गोळी पोचली, खोकला गेला, झोप बी गेली, एवढंच सांगाले आली. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. बरं झालेलं माणूस परत येऊन सांगतं, हे त्याच्या अभ्यासक्रमात नसावं.

धन्यवाद या शब्दाचा मात्र त्यांना राग. कुणी म्हटलाच तर म्हणायच्या, "हे रिकाम्या डब्याचं झाकन हाय. आत काय हाय ते सांग ना."

म्हणजे एका छपराखाली आभारांचा राग असलेल्या दोघी राहत होतो. माझा राग असा की आभार माणसाला वाकवतात. त्यांचा राग असा की आभार काहीच सांगत नाहीत. दोन्ही राग एकच आहेत असं मी बरेच दिवस समजून चालले होते.

त्यांच्या कचेरीची एक गोष्ट त्या हसत सांगायच्या आणि मी ऐकताना दर वेळी पेटायचे. तिथं एकदा नवे साहेब आले. त्यांनी तोंडी हुकूम दिला की लोकांची निवेदनं घ्या, पण पोच देऊ नका. कारण उघड आहे. शिक्का दिला म्हणजे कागद आला, आणि कागद आला म्हणजे उत्तर द्यावं लागतं. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर तीन उद्गारचिन्हं ठोकली असती. शिक्का साहेबांच्या कपाटात गेला. तिकडे इंद्रवेल्लीकडच्या वस्त्यांवरून माणसं टेम्पोत उभ्यानं येत, कागद देत आणि खिडकीसमोरून हलत नसत. बाईंनी पेन काढलं. प्रत्येकाच्या प्रतीवर लिहिलं, पोचलं, आणि खाली स्वतःची सही केली. साहेबांनी बोलावून विचारलं, हे काय चाललंय. बाईंनी उत्तर दिलं, "शिक्का दफ्तराचा व्हता, तो तुमी ठेवला. सही माही हाय."

त्यांना खिडकीवरून उचलून जुन्या मिसलींच्या, म्हणजे फायलींच्या, खोलीत टाकलं. तिथं दिवसभर कुणी फिरकत नसे. निवृत्त होईपर्यंत तिथंच.

"आपन यावर पत्रक काढू," मी म्हणाले.

"कोनाच्या विरोधात? थो साहेब मरून गेला. आता सरनावर नेऊन चिकटवतं का?"

असल्या बाईच्या घरी राहून मी बी.ए. केलं, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बेल्याकडच्या मराठी शाळांना शिक्षक द्या म्हणून पत्रकं काढली, बससाठी निवेदनं दिली, आणि मग निर्मलच्या एका संस्थेची जाहिरात पाहिली. ही संस्था लोकांना त्यांच्या भाषेत सांगते की पेन्शन कशी मागायची, रेशनकार्डातली चूक कशी दुरुस्त करायची. त्यांना सीमेलगतच्या गावांसाठी मराठी बोलणारी संघटक हवी होती. गावोगाव फिरायचं, बोलायचं, अडलेल्याचा कागद पुढे सरकवायचा. ज्यासाठी घरी बोलणी खाल्ली तेच करण्याचा पगार. अशी नोकरी या जिल्ह्यात पुन्हा निघणार नव्हती. दुसरीकडे हैद्राबादच्या एका कॉलसेंटरात माझं ठरल्यात जमा होतं. तिथं कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि प्रत्येक शिवीनंतर धन्यवाद म्हणायचं. मला. धन्यवाद.

मुलाखतीला दोघं होते. एक मोठ्या मॅडम, पांढऱ्या केसांच्या, मूळच्या नांदेडकडच्या, आणि एक लॅपटॉप घेतलेला चष्मेवाला. टेबलावर लाकडाची रंगवलेली सीताफळं, इतकी खरी की हात जावा. मी सुरुवातीलाच सांगितलं की तुमच्या संस्थेचं मराठी पत्रक वाईट आहे, माझ्या आजीला ते वाचून दाखवलं तर ती विचारेल की कुणी वारलं का. चष्मेवाल्याचं तोंड उतरलं. पत्रक त्यानंच करवून घेतलं होतं. मग मॅडमनी विचारलं, गावानं तुझं ऐकलंच नाही तर काय करशील? मी म्हणाले, ऐकावंच लागेल. त्यांनी वही मिटली. ती मिटलेली वही डोळ्यांसमोर घेऊनच मी बसमध्ये चढले.

खोलीवर आले तर माझी रूममेट फोन घेऊन तयारच होती. ती बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी, तिला असलं सगळं माहीत. मुलाखतीनंतर लगेच थँक्यू मेल पाठवायचा असतो, नाही पाठवला तर नाव खाली जातं, असं तिनं मला सुनावलं. मी म्हटलं, नोकरी कामाला मिळते की मुजऱ्याला? मी फाटक्या सीटवर बसून घाट उतरले, त्यांनी मला मेल केला का? ती म्हणाली, तू कॉलसेंटरला जा.

तेवढ्यावर मी लिहायला बसले. माझ्या हाताला एकच सवय. विषय लिहिला, जाहीर आभार. मायना झाला, मुलाखत मंडळाच्या सन्माननीय सदस्यांनो. दुसऱ्या ओळीला मी उमेदवारांना पाणी विचारलं जात नसल्याची खेदपूर्वक नोंद घेतली, चौथ्या ओळीला प्रवासखर्चाची मागणी केली, आणि खाली सही, समस्त उमेदवारांच्या वतीने. रूममेटनं ते वाचलं आणि पलंगावर आडवी झाली. मग तिनं इंटरनेटवरून एक तयार मेल काढून दिला. आपण आपला बहुमूल्य वेळ दिलात, आपल्या प्रतिष्ठित संस्थेचा भाग होण्यास मी अत्यंत उत्सुक आहे, मी आपली ऋणी राहीन. ते वाचताना मला माझ्या आजीचे जोडलेले हात दिसले.

दोन्ही घेऊन बाईंकडे गेले. त्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

माझा मेल ऐकून म्हणाल्या, "हा मोर्चा हाय." दुसरा ऐकून म्हणाल्या, "हे झाकन हाय." मग सालं झटकून माझ्याकडे वळल्या. "तिथून तुले काय पोचलं ते सांग."

"काई नाई पोचलं. पानी बी नाई पोचलं."

"मंग गेल्तीस कायले? सरळ सांग वं. बसली कुठं, बोललं कोन, आलं काय?"

त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. मी घामाघूम आत शिरले तेव्हा मॅडमनी त्यांच्या बाजूचा पंखा माझ्याकडे वळवला. पत्रकाला नावं ठेवली तरी चष्मेवाल्यानं मला मधेच तोडलं नाही. आणि तो प्रश्न. तो प्रश्न मला त्या ऑफिसात कळलाच नव्हता. परत येताना घाटात, वळणावर बस मागे घेत होती, तेव्हा कळला. बेल्याकडच्या एका गावात आम्ही सकाळच्या बससाठी पत्रकं वाटली होती. एका बाईनं पत्रक वाचलं, उलटलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पोराच्या पेन्सिलीनं लिहून मला परत दिलं: बस सकाळी नको, दुपारी पाहिजे, सकाळी आम्ही वावरात असतो.

"हे त्यायले सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"तिथं आठवलं नाई."

"मंग आता पोचव. काऊन बसून राह्यली?"

मी तिथंच, शेंगांच्या सालांत बसून फोनवर लिहिलं. एकही शब्द खोडला नाही. तो मेल असा होता:

"मॅडम, आज मुलाखतीला आले होते. तुम्ही माझ्याकडे वळवलेला पंखा पोचला. तुमच्या पत्रकाला नावं ठेवली तरी सरांनी मला बोलू दिलं, तेही पोचलं. गावानं ऐकलं नाही तर काय करशील, हा तुमचा प्रश्न मला उशिरा, घाटात पोचला. ऐकावंच लागेल हे माझं उत्तर चूक होतं. गावानं ऐकलं नाही तर मी माझं पत्रक उलटं करीन आणि कोऱ्या बाजूवर त्यांचं लिहून घेईन. एका गावानं मला हे आधीच शिकवलं आहे. काम मिळालं तर पहिली बाजू लहान आणि मागची मोठी ठेवीन."

धन्यवाद नाही, ऋण नाही, नम्र नाही. तरी वाचून दाखवले तेव्हा ते आभारच निघाले. आभार मानूनही मान ताठ राहू शकते, हे मला तेव्हाच कळलं. बटण दाबलं.

"गेला," मी म्हणाले.

"पोचला का?"

"गेला म्हनजे पोचलाच ना बाई."

"माह्या खिडकीवर जो यायचा थो हेच म्हने, की मी तर टाकला व्हता. पोच कुठं हाय?"

मी हसले. त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून मेलच्या दोन प्रती आणायला सांगितल्या, तरी हसत आणून दिल्या. ठेवत असतील कुठंतरी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दाराला कुलूप. दारावर खडूनं लिहिलेलं: निर्मल. पोच आनाले.

मी ते दोनदा वाचलं. मग ओरडत रूममेटला उठवलं. तिनं बाहेर येऊन वाचलं आणि शांतपणे म्हणाली, तुझी घरमालकीण ईमेल घेऊन बसनं गेली. झालं. आता संस्थावाले म्हणतील, मुलीनं म्हातारी पाठवली वशिल्याला.

वशिला. मी, जिनं वशिल्याच्या विरोधात पत्रक काढलं, तिच्या नावानं वशिला. चपला घातल्या त्या वेगवेगळ्या जोडांतल्या. बस मिळाली, बसायला नाही. कंडक्टरनं बायकांचं फुकट प्रवासाचं, शून्याचं तिकीट फाडून दिलं आणि मला बाईच आठवल्या. त्यांना ते शून्याचं तिकीट फार आवडायचं. पैसा घेत नाही तरी पोच देते, अशी एक तरी गाडी हाय, म्हणायच्या आणि पर्समध्ये जपून ठेवायच्या. आख्खा घाट मी मनातल्या मनात माफीचं निवेदन तयार करत उतरले.

संस्थेच्या दारात पोचले तर बाई चष्मेवाल्याच्या टेबलासमोर उभ्या. खुर्ची पुढे केलेली, पण बसलेल्या नाहीत. तो बिचारा लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवून तेलुगूत सांगत होता की अम्मा, मेल आला आहे, हा बघा, उघडला आहे, वाचला आहे. बाई त्याला तेलुगूत म्हणाल्या की हे तुम्हाला दिसतं आहे, मी तिच्याकडे काय नेऊ? त्यानं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे फिरवला. शिक्का आहे का, त्यांनी विचारलं. संस्थेचा गोल शिक्का होता, पोच दिल्याचा नव्हता. बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पाणी न विचारणाऱ्यांकडेही टाकली नसेल.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"तुम्ही तिच्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"घरमालकीन."

"हे बघा, अजून दोघांच्या मुलाखती राहिल्यात. आज मी काही सांगू शकणार नाही."

"सांगू बी नोका," बाई म्हणाल्या. "मी नोकरी मागाले नाई आली. पोच मागाले आली. नोकरी तुमची, द्या नाईतर नोका देऊ. कागद तिचा हाय, तो पोचला का नाई हे तिले कळाले पायजे."

मॅडमनी त्यांच्या हातातली प्रत घेऊन वाचली. मग पेन घेतलं. काय लिहू, त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात थट्टा नव्हती. बाई म्हणाल्या, जे पोचलं ते. मॅडमनी प्रतीवर उभ्या उभ्या लिहिलं, सही केली, आणि मान वर करताच त्यांना मी दिसले. माझ्या पायांतल्या दोन वेगळ्या चपलाही दिसल्या.

"ही पण आली का," त्या म्हणाल्या. "बरं झालं." मग चष्मेवाल्याला सांगितलं, "हिला पाणी द्या."

मी पाणी पिऊन बाहेर आले आणि बस स्टँडवर बाईंवर तुटून पडले. माझं नाव घालवलं, आता मला कोण ठेवणार, सगळे म्हणतील वशिला लावला, जेवढं येत होतं तेवढं बोलले. बाईंनी पर्समधून प्रत काढून माझ्या हातात ठेवली. मॅडमचं अक्षर होतं:

"उत्तर पोचलं. पहिल्या उत्तरापेक्षा बरं आहे. पंख्याचं म्हणशील तर तो तुझ्यासाठी वळवला नव्हता, माझी मान धरली होती. पण पोचला हे वाचून बरं वाटलं. निकाल शुक्रवारी, सगळ्यांना एकदमच."

मी भर स्टँडवर इतकी हसले की शेंगदाणेवाला उठून बाजूला झाला. बाई हसल्या नाहीत. "सगळ्यायले एकदमच," त्यांनी वाचून दाखवलं आणि मान हलवली. "बाई सरळ हाय. अशीच्या हाताखाली काम करजो."

शुक्रवारी फोन आला. चष्मेवाल्याचा. आधी अभिनंदन म्हणाला, मग म्हणाला, पत्रक पुन्हा लिहायचंय, तूच लिही. मी फोन ठेवला आणि ओरडत ओसरीवर गेले. गल्लीतली दोन कुत्री माझ्याबरोबर धावली. बाई म्हणाल्या, "काय पोचलं?" मी फोनच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्या हातावर तुरीच्या हिरव्या शेंगा ठेवल्या आणि कामाला लागल्या.

खोली सोडून मी बेल्याला आले. संस्थेची एक खोली आहे, तिला रस्त्याकडे खिडकी. नोकरीत मी केलेली पहिली मागणी रबरी शिक्क्याची. वर मराठीत, खाली तेलुगूत, पोचलं. मॅडमनी मंजूर केला. लोक कागद आणतात, मी शिक्का मारते, आणि प्रत हातात पडली की म्हातारी माणसं ती सरळ धरून, उलटी धरून बघतात. मागची बाजू मी कोरी ठेवते. त्यांना जे सांगायचं ते तिथं मीच लिहून घेते.

एका बाजाराच्या दिवशी रांगेत मान वर केली तर बाई. पेन्शनवाल्या दोन म्हाताऱ्यांच्या मागे, पर्स पोटाशी धरून. मी हाक मारली, आत या म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा खिडकीतून दोन प्रती सरकवल्या. वर अर्ज असं लिहिलेलं. विषय, घर रिकामं असल्याबाबत.

"तुह्या खोलीची चावी पोचली. बादली पोचली. तू पंखा चालू ठेवून गेलीस त्याचं बिल बी पोचलं. खोलीत नवी पोरगी आली, चांगली हाय, धन्यवाद म्हनते. घरात आता भांडाले मानूस नाई. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती."

मी वाचलं. शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला, आणि बाईंकडे बघतच मारला. शिक्क्याखाली सहीसुद्धा केली, माझी.

बाईंनी प्रत उजेडात धरली. "तिरपा बसला," म्हणाल्या. मग ती घडी करून पर्समध्ये, शून्याच्या तिकिटाशेजारी ठेवली, आणि खिडकीवरून बाजूला झाल्या, कारण मागे रांग होती.